साडेतीन

नऊ नंबरच्या रॅकमागे, लाकडी पॅलेटखाली
यार्डातली भुरी कुत्री व्याली.
मी स्टोअरकीपर, आधी मोजलं:
नग पाच. चार ठीक.
पाचव्याचा पुढचा उजवा पाय कोपरापाशी आत वळलेला,
छत्रीच्या मुठीसारखा.

भुरीने चौघांना मानगुटीला धरून
एकेक करत कुंपणापलीकडे नेलं.
पाचव्यासाठी येईल म्हणून
ड्यूटी संपल्यावरही मी शटर अर्धं उघडं ठेवलं.
सोहारचा जून. रात्री नऊलाही पत्रा हात लावू देत नव्हता.
ती आली नाही.
नावं ठेवत नाही मी तिला. तिचाही काही हिशेब असेल.

दाऊद हमदुले म्हणाला, "दूध पाजू नकोस,
पाजलंस की सुटका नाही."
तो म्हसळ्याचा, पाच वक्ताचा नमाजी.
कुत्र्याची लाळ लागली तर सात वेळा धुवायचं,
हे त्याने मला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं
आणि दुसऱ्या दिवशी समोरच्या वाडीतून
पाण्याच्या बाटलीत शेळीचं दूध घेऊन आला.
बाटली लांबूनच सरकवली माझ्याकडे.

नावाची वेळ आली तेव्हा
टिकाराम म्हणाला लंगडी, फोरमन म्हणाला लकी.
मी म्हणालो साडेतीन.
आमच्याकडे मुहूर्त साडेतीन, पीठं साडेतीन,
माणूससुद्धा ज्याच्या त्याच्या हाताने साडेतीन हात.
अर्ध्याला आम्ही कमी लेखलं नाही कधी,
निदान पंचांगात तरी.

वाढवणं म्हणजे काय,
तर छाती घासून रोज नवी जखम.
वेल्डिंगच्या फाटक्या हातमोज्याचं चामडं कापून
मी तिला कोपरी शिवायचो,
ती दोन दिवसांत चावून संपवायची.
पहाटेची बांग झाली की बाहेर न्यायचं,
सातनंतर डांबर भाजतं,
आणि तिचं नुसते पाय भाजून भागत नव्हतं.
फरशीवर ती बशीसारखी गरगरायची, म्हणून
भंगारात काढलेला कन्व्हेयरचा रबरी पट्टा
दारापासून वाडग्यापर्यंत अंथरला.
रजिस्टरात नोंद केली: वापरात.

डॉक्टर सुमय्याने पाय दाबला, वाकवला, कानाशी काही पुटपुटली.
"हाड जन्मतःच असं आहे. ओढून सरळ करू नका.
सरळ हवाय असं ती म्हणाली का?"
फी सांगितली, मग माझ्या डांगरीकडे बघून निम्मी केली.
मला राग आला. रस्ता ओलांडेपर्यंत टिकला.

टिकारामने ट्रॉलीच्या चाकांची गाडी केली,
तीन रात्री खपून. जोड असा, की बोट फिरवलं तरी कळू नये.
सगळा कॅम्प जमला. तिला बांधली.
ती तीन पावलं गेली, बसली,
आणि पट्टा चघळायला लागली.
टिकारामही हसला. सगळ्यात शेवटी.

मग मार्चमध्ये, ओहोटीला, कोळ्यांच्या होड्यांपाशी
ओल्या वाळूत मी दोरी सोडली
आणि ती पळाली.
सुंदर वगैरे नाही. एक टायर बसलेली गाडी
उचकत, खांदा पाडत जाते तशी,
कुरव पक्ष्यांच्या थव्यामागे, तोंड उघडं टाकून.
मागे वाळूवर
तीन ठसे आणि एक रेघ,
तीन ठसे आणि एक रेघ,
पाणी येईपर्यंत.

आता माझी सुट्टी. दोन वर्षांनी पंचेचाळीस दिवस.
चार्ज हमदुलेकडे. बसून यादी केली:
चेन ब्लॉक सहा. शॅकल दोन पेट्या.
ग्राइंडर अकरा, त्यातले दोन बंद.
शेवटी मी लिहिलं: साडेतीन, नग एक.

"हात लावणार नाही मी," हमदुले म्हणाला.
"वाडगं ठेवीन. फिरवीन. दोरी तेवढी लांब आण."
मग चष्मा कपाळावर ढकलून
त्याने शेवटचा रकाना पाहिला, स्थिती,
जो मी मोकळा सोडला होता,
पॅलेटखाली घोरणाऱ्या तिच्याकडे पाहिलं,
आणि खिशातलं स्वतःचं पेन काढून लिहिलं:
चालू.